मरणस्मरण फक्त पुण्यानुमोदनाच्या दिवशीच का?

मा. संपादक,
सप्रेम जयभीम.

मागच्या आठवड्यात आपल्या ‘वाचकांची पत्रे’ सदरात एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. त्यांच्या भागातल्या विहारात दर रविवारी ‘मरणानुस्सती’ म्हणजे मरणाचं ध्यान सुरू झालंय, त्यावर त्यांचा संताप होता. ‘पोरं बेकार बसलीत, शेतकरी कर्जात बुडालेत, त्यांना जगायला शिकवायचं सोडून मरण काय शिकवता? बाबासाहेबांनी असला रडका धम्म दिलेला नाही,’ असा एकंदर सूर. या गृहस्थांना मी ओळखत नाही, पण त्यांचा राग ओळखतो. पंधरा वर्षांपूर्वी मीही हेच बोललो असतो, आणि त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात.

मी भुसावळला राहतो. रेल्वेत गँगमन म्हणून लागलो, की-मन झालो, मेट, म्हणजे गँगचा मुकादम, म्हणून निवृत्त झालो. ३४ वर्षं रुळावर गेली. वय ६८. शिक्षण दहावीपर्यंत. पाली येत नाही. वंदना पाठ आहे, बाकी मराठी अनुवादावर भागवतो. तेव्हा हे पत्र विद्वानाचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

निवृत्त झाल्यापासून आपला पेपर आला की मी आधी निधनवार्तांचं पान उघडतो. आमच्या वयाचे सगळेच उघडतात, कबूल कोणी करत नाही. तिथं माझं काय होतं ते खरं लिहितो. ओळखीच्या माणसाचा फोटो दिसला की घशात आवंढा येतो. अनोळखी असला तर वय बघतो आणि पान उलटतो. आणि एकदा एका अशा माणसाचा फोटो दिसला, ज्यानं माझ्या तरुणपणी मला चार लोकांत जातीवरून बोल लावला होता. तेव्हा संपादक महोदय, मला बरं वाटलं. चहा गोड लागला. नंतर दिवसभर त्या गोड लागण्याची लाज वाटत राहिली.

पुढं ‘विसुद्धिमग्गा’चा मराठी अनुवाद हाती आला. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषांनी लिहिलेला ग्रंथ. त्यात मरणसतीच्या, म्हणजे मरणानुस्सतीच्याच, भागात नेमकं हेच लिहिलेलं. प्रिय माणसाचं मरण आठवलं की शोक होतो, जसा आईला लेकराच्या मरणानं. नावडत्याचं आठवलं की आनंद होतो, जसा वैऱ्याला. ज्याच्याशी घेणंदेणं नाही त्याचं आठवलं की काहीच होत नाही, जसं रोज प्रेतं जाळणाऱ्याला होत नाही. आणि स्वतःचं आठवलं की भीती वाटते, समोर सुरा उगारलेला मारेकरी दिसावा तशी. बुद्धघोष म्हणतात, हे चारही मरणस्मरण नव्हे. भान ठेवून, समज ठेवून, आणि आता वेळ घालवायचा नाही या तळमळीनं आठवलं तरच ते स्मरण. मी पुस्तक मिटलं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खूनं माझं निधनवार्तांचं पान वाचून ठेवलं होतं.

पण माझी खरी सुरुवात पुस्तकातून झाली नाही, रुळावरून झाली.

१९९४ सालचा जानेवारी. मी तेव्हा की-मन. की-मन म्हणजे काय हे आता पोरांना सांगावं लागतं: आपल्या हद्दीतले रूळ सकाळी पायी तपासत जायचे, ढिली झालेली चावी हातोड्यानं ठोकायची, बोल्ट आवळायचा. खांद्यावर हातोडा आणि पाना, बगलेत लाल-हिरव्या झेंड्या, डब्यात धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके, आणि कमरेला फडक्यात बांधलेली भाकरी. सावद्याच्या पुढं दोन्ही बाजूंनी केळी. सकाळी धुकं इतकं की केळीची पानं दिसायची, खोडं दिसायची नाहीत.

समोरून मालगाडी आली. गाडी आली की दोन्ही रूळ सोडून पार कडेला उतरायचं, हा आमचा पहिला धडा. नव्या पोरांना मीच शिकवायचो. आणि त्या दिवशी मीच दोन पावलं वाचवायला बाजूच्या रुळावर उभा राहिलो. मालगाडीच्या खडखडाटात मागून येणारी मेल मला ऐकू आली नाही. चूक सर्वस्वी माझी. खाली केळीत एक बाई झाडांच्या बुडाशी फुटलेली पिलं कापत होती. ती ओरडली असेल, ते ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. मला दिसला फक्त तिचा वर गेलेला हात आणि त्यातला विळा. मी का उडी मारली हे मला आजही सांगता येत नाही. खडीवरून घसरत खाली आलो, आणि वरून मेल गेली. तिचा वारा असा की कमरेचं फडकं सुटलं. अर्धी भाकरी खडीत, ठेचा मातीत.

गाड्या गेल्या. धुक्यात एकदम शांत झालं. बाई धावत आली, मला बघितलं, एक कचकचीत शिवी दिली आणि परत कामाला गेली. मी तिथंच बसलो. हात कापत होते. उरलेली भाकरी झटकली आणि एक तुकडा तोंडात घातला. कोरडी भाकरी, ज्वारीची. तो घास मी कितीतरी वेळ चावत होतो. ज्वारी गोड असते हे मला वयाच्या सदतिसाव्या वर्षी कळलं.

त्यानंतर आठवडाभर मी सगळ्यांशी चांगला वागलो. बायकोशी, साहेबाशी, गँगमधल्या त्या चहाड्या करणाऱ्याशीसुद्धा. नवव्या दिवशी परत होतो तसा झालो. मरण समोरून गेलं म्हणून माणूस सुधारतो असं जे म्हणतात, त्यावर माझा तेव्हापासून विश्वास नाही. धक्का उतरतो. पाण्यावर काठी मारावी तसं.

मग निवृत्तीनंतर धुळ्याजवळ डेडरगावला ‘धम्मसरोवर’ विपश्यना केंद्रात दहा दिवस बसलो. खरं सांगायचं तर पोराच्या आग्रहानं आणि घरी करमत नव्हतं म्हणून. पहाटे चारला घंटा, दहाव्या दिवसापर्यंत मौन, आणि पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. तिथं मरणसती म्हणून वेगळं काही शिकवलं नाही. पण घरी आल्यावर वाचायची गोडी लागली, आणि एक दिवस अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात, छक्कनिपातात, मरणसती सुत्त सापडलं.

प्रसंग नादिका गावचा, विटांच्या आवासातला. भगवान भिक्खूंना विचारतात, मरणसतीचा अभ्यास करता का? सहा जण उठून एकेक करून सांगतात. एक म्हणतो, मला एक दिवस-रात्र जगायला मिळालं तर शास्त्याच्या, म्हणजे भगवानांच्या, उपदेशाकडं लक्ष देईन, तेवढंही पुष्कळ. दुसरा म्हणतो, एक दिवस. तिसरा, एक जेवण होईपर्यंत. चौथा, चार-पाच घास खाऊन होईपर्यंत. पाचवा, एक घास चावून गिळेपर्यंत. सहावा, श्वास आत घेऊन सोडेपर्यंत किंवा सोडून परत घेईपर्यंत.

हे वाचताना मला खडीतली भाकरी आठवली, हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवसापासून मी सुरू केलं. ताट समोर आलं की पहिले चार घास गप्प. प्रत्येक घासाला मनात एवढंच: हा गिळेपर्यंत मी आहे, तेवढ्यात करण्यासारखं काय आहे? मला वाटलं, आपण बरीच मजल मारली. सुत्ताचा शेवट नीट वाचायचं राहून गेलं होतं. महिन्याभरानं वाचला. तिथं भगवान म्हणतात, पहिले चारही जण प्रमादी आहेत, त्यांचं स्मरण मंद आहे. एक घासवाला आणि एक श्वासवाला, हे दोघेच जागे. म्हणजे चार घासवाला मी आळशांच्या यादीत! आमच्या मंडळींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मग एका घासावर या. पन पानातलं गार होऊ देऊ नका. भरीत गरमच चांगलं लागतं.”

मंडळींचा आधी या प्रकाराला फार विरोध होता. “जेवताना मरणाचं नाव नको,” हे त्यांच्या आईचं, आजीचं वळण. आता विरोध नाही, थट्टा आहे. मी पाहुण्यांत जेवताना गप्प झालो की त्या सांगतात, “त्यांचं मरून चाललंय, तुम्ही घ्या.”

आता त्या गृहस्थांच्या मुद्द्याकडं येतो, कारण तो हलका नाही. ते लिहितात, म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून सिद्धार्थानं घर सोडलं ही गोष्टच बाबासाहेबांनी नाकारली. बरोबर आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर छापून आला. त्याच्या प्रस्तावनेत बाबासाहेब सरळ विचारतात, एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा, आजारी किंवा मेलेला माणूस पाहिलाच नसेल, हे बुद्धीला पटतं का? त्या जागी ते शाक्य आणि कोलियांमधला रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद ठेवतात. मला तर ते शंभर टक्के पटलेलं आहे. पण माझं वाचन असं: सिद्धार्थाला मरण माहीत होतं, सगळ्यांना माहीत असतं, म्हणून ते नव्यानं दिसल्याची गोष्ट खोटी. ‘मरणाचा विचार करू नका’ असं त्यातून कसं निघतं? त्याच ग्रंथात धम्म म्हणजे काय हे सांगताना, सगळ्या संयुक्त वस्तू अनित्य आहेत हे मानणं म्हणजे धम्म, असा स्वतंत्र भाग आहे. त्यातून बाबासाहेब शिकवण काय काढतात? कशालाही चिकटू नका. मालमत्तेला नको, मित्रांना नको. रडा, असं कुठं म्हटलेलं नाही.

चिकटण्याचंच सांगतो. माझा धाकटा भाऊ यावल तालुक्यात वडिलोपार्जित दोन एकर कसतो. माझा वाटा त्यातच. बोअर एक, आणि पाण्याची पाळी कोणाची यावरून आमचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. रोहिणी नदीचं मी भाषणात सांगायचो आणि घरात बोअरचं पाणी पेटलेलं. दोन्हीकडच्या लग्नांत आम्ही एकमेकांकडं पाठ करून जेवलो.

घासाचं ध्यान सुरू केल्यावर सात-आठ महिन्यांनी एक गंमत झाली. ‘तेवढ्यात करण्यासारखं काय आहे’ म्हटलं की मनात रोज एकच तोंड यायचं. मंडळींचं नाही, पोराचं नाही, बुद्धाचंही नाही. भावाचं. घास कडू व्हायचा. पंधरा दिवस मी टाळलं, मग सकाळी यावलची एसटी धरली.

तो बागेत होता. घड उतरवून झालेली झाडं कोयत्यानं पाडत होता. मला बघून थांबला नाही.

“कसं काय आला भाऊ?”

“असाच.”

“असं कोणी येतं का नऊ वर्षांनी? सही पाहिजे का कशावर?”

सही नको म्हटल्यावर त्याचा संशय वाढला. मी बांधावर बसलो. त्यानं एक खोड आडवं केलं होतं. केळीचं खोड ज्यानं कापलं त्याला माहीत आहे, लाकूड नसतंच त्यात. सोपटावर सोपट, सोपटावर सोपट. उलगडत गेलात तर शेवटी हातात पांढरा ओला गाभा, बोटानं दाबला तरी दबणारा. ‘सङ्खारा कदलूपमा’, संस्कार केळीच्या खोडासारखे, हे फेण सुत्तातलं वचन मी कितीदा वाचलं होतं. भगवान म्हणतात, कोणी सार शोधायला वनात जावं, मोठं सरळ केळीचं झाड तोडावं, सोपटं काढत जावं, त्याला साधं लाकूडही मिळत नाही तर आतलं कणखर लाकूड कुठून मिळणार? रावेर-यावलच्या माणसाला हे समजवायला भन्ते लागत नाही. दुसरंही एक वचन आहे, ‘फलं वे कदलिं हन्ति’: केळीला तिचं फळच मारतं. एकदा घड दिला की झाड संपलं. बुडाशी पील असतं, ते वाढतं. मी बांधावर बसून ती नऊ वर्षं सोपटासारखी काढून बघत होतो. पहिलं पाणी, त्याखाली मोटरचं बिल, त्याखाली वहिनी काहीतरी बोलली ते, त्याखाली आईच्या दवाखान्याचा खर्च कोणी किती केला ते. मधे काही नव्हतं.

हे सगळं मी त्याला बोललो नाही. तो हसला असता. तासाभरानं तो म्हणाला, “चहा घेशील का उभ्या उभ्या जाशील?” चहा घेतला. पाण्याची पाळी अजून मिटलेली नाही. तो अजूनही म्हणतो रात्रीची लाईट असते तेव्हा पाणी त्याचं, आणि मी अजूनही म्हणतो हा कुठला न्याय. पण फोनवर म्हणतो. याला धम्माची प्रगती म्हणायचं का, ते मला माहीत नाही.

त्या गृहस्थांचा दुसरा मुद्दा तरुणांचा. मरणाचा विचार म्हाताऱ्यांनी करावा, असं त्यांना वाटतं. धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे जुन्या टीकेत, आळवी गावच्या विणकराच्या मुलीची गोष्ट आहे. भगवानांनी गावात मरणसती सांगितली, सगळे ऐकून घरी गेले, मनावर घेतलं ते फक्त त्या सोळा वर्षांच्या पोरीनं. तीन वर्षं तिनं अभ्यास केला, तोही मागाच्या कामात, बापाच्या कांड्या भरता भरता. आणि पाच गोष्टींचं वारंवार चिंतन करायला सांगणारं एक सुत्त आहे: मी म्हातारा होणार, आजारी पडणार, मरणार, जे प्रिय ते सुटणार, आणि माझं कर्म तेवढं माझं. ते कोणासाठी, तर स्त्री असो की पुरुष, गृहस्थ असो की घर सोडलेला प्रव्रजित. वयाची अट त्यात नाही.

तरी एका बाबतीत मी त्या गृहस्थांच्या बाजूचा आहे, आणि हे विहारातल्या आयोजकांनी कान देऊन ऐकावं. विनयपिटकातच, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, वैशालीचा प्रसंग आहे. भिक्खूंना शरीराच्या अशुभाचं ध्यान सांगून भगवान पंधरवडा एकांतात गेले. इकडं काही भिक्खूंना देहाचा इतका वीट आला की त्यांनी जीव दिले. परत आल्यावर भगवानांनी संघ विरळ झालेला पाहिला, कारण विचारलं, आणि मग श्वासाचं ध्यान, आनापानसती सांगितली. म्हणजे हे औषध सरसकट वाटायचं नाही. आमच्याकडं कापूस गेला, केळीचा भाव पडला की घरात मरण आधीच पाय पसरून बसलेलं असतं. अशा माणसाला चटईवर बसवून ‘मरण आठव’ म्हणणं पाप आहे. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटा सोडू नका, डॉक्टरकडं न्या. सरकारची टेलिमानसची १४४१६ ही फोन सेवा आहे, विहाराच्या फळ्यावर तो नंबर लिहा. ज्याचं मन धड आहे, पोट भरलेलं आहे आणि तरी जो उद्यावर ढकलत जगतो, हे स्मरण त्याच्यासाठी. माझ्यासारख्यासाठी.

आणि माझी मूळ तक्रार वेगळीच आहे. आपण हे तोंडानं म्हणतो, फक्त ऐकत नाही. पुण्यानुमोदनाला, म्हणजे माणूस गेल्यावरच्या विधीला, पांढरे कपडे घालून सगळे बसतात, मेणबत्त्या लागतात, बौद्धाचार्य ‘अनिच्चा वत संखारा, उप्पादवयधम्मिनो’ (सगळे संस्कार अनित्य, उपजायचं आणि नाहीसं व्हायचं हाच त्यांचा स्वभाव) म्हणतात, आणि मागं मंडपात जेवणाच्या पंगतीचा, प्लॉटच्या भावाचा विषय चाललेला असतो. गाथा फोटोला ऐकवल्यासारखी होते. ज्याचा फोटो आहे त्याला तिचा काय उपयोग? ती बसलेल्यांसाठी आहे. मी स्वतः कितीतरी मंडपांत मागं बसून बोअरच्या पाण्याचं बोललोय.

अजिंठ्याला आपल्याकडून सगळेच जातात. २६ क्रमांकाच्या लेणीत डाव्या हाताला महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, सुमारे सात मीटर लांब. उजव्या कुशीवर, उशीवर डोकं, गालाखाली हात. खाली शिष्य शोक करताहेत. वरच्या तोंडाकडं बघा आणि खालच्या तोंडांकडं बघा. एकाच दगडात दोन्ही. गंमत म्हणजे ही लेणी करवून घेणाऱ्या बुद्धभद्र भिक्खूनं तिथंच लेख कोरून ठेवलाय की जगात आठवण ताजी आहे तोवर माणूस स्वर्गात सुख भोगतो, म्हणून डोंगरात चंद्र-सूर्य असेतो टिकणारं स्मारक करावं. बाजूला निर्वाण पावणारा बुद्ध, आणि करवून घेणाऱ्याला नाव टिकायची काळजी! मला तो भिक्खू फार जवळचा वाटतो. मीही पेन्शनच्या कागदांची फाईल तीन वेळा नव्यानं लावली आहे, आणि प्रत्येक वेळी वर माझा तरुणपणचा फोटो चिकटवलाय.

माझी सूचना छोटी आहे. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होईल. तीन महिने विहारांत ग्रंथवाचन होतंच. त्यात रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटं गप्प बसावं: पाच मिनिटं श्वास, पाच मिनिटं त्या पाच गोष्टी, मराठीतून. कोणाला नको असेल त्यानं बाहेर चहा प्यावा, त्याला कोणी नाव ठेवू नये. आमच्या विहारात आम्ही हे करतो. सात-आठ जण असतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या आहेत. ते पत्रलेखक गृहस्थ भुसावळकडं आले तर त्यांनी अवश्य यावं, भांडायला आले तरी चालेल. नंतर कळण्याची भाकरी आणि भरीत आमच्या घरी. पहिल्या घासाला मी बोलणार नाही, तेवढं त्यांनी समजून घ्यावं.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त की-मन
भुसावळ, जि. जळगाव

(नाव छापू नये ही विनंती. भाऊही हाच पेपर वाचतो.)